खुर्च्या हलायला हव्यात

(जुन्या नाट्यगृहांच्या नूतनीकरणात बायकांच्या गटांनी काय मागावं, या विषयावर कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण रेशन, पाणी आणि घरातल्या मारहाणीबद्दल बोललो. आता जेवणानंतर ही बाई नाट्यगृहातल्या खुर्च्या-पडद्यांबद्दल काय सांगणार, असा प्रश्न काहीजणींच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्टही नाही. गेली पस्तीसेक वर्षं आमच्या गटाबरोबर नाटकं करत हिंडले, तेवढंच माझं भांडवल. पण आमच्या गावातल्या जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण करायचं ठरलं, त्याचा आराखडा आम्ही पाहिला, आणि लक्षात आलं की हे काम नुसतं ठेकेदारावर सोडलं तर पुढची चाळीस वर्षं आपण पुन्हा मागच्या रांगेतच बसणार. म्हणून बोलायला उभी राहिले.

एकच नाटक, दोन जागा

१९८८ सालची गोष्ट. हुंड्याच्या प्रश्नावर आम्ही एक नाटक बसवलं होतं. ते कुणा एकीनं लिहिलेलं नव्हतं. बायकांनी सांगितलेल्या हकिगती एकमेकींना जोडून ते उभं राहिलं होतं. ८ मार्चला आपणही 'खऱ्या' नाट्यगृहात प्रयोग करायचा अशी आमची फार हौस. वर्गणी काढली, भाडं भरलं, अनामत भरली.

पहिल्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव होत्या. हारतुरे झाले आणि पाहुणे उठून गेले. त्या रांगा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बायका दाराजवळ, अगदी मागे बसल्या होत्या, कारण त्यांना सहाची एसटी गाठायची होती. कडेवरचं मूल रडलं की दरवाजावरचा माणूस बाईला बाहेर काढायचा. बायकांची मुतारी एकच होती आणि तिला आतून कडी नव्हती, त्यामुळे आमच्यातली एकजण आळीपाळीनं तिथे राखणीला उभी राहायची.

आम्ही चार फूट उंच रंगमंचावर होतो. डोळ्यांवर दिवे, समोर काळोख. कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. ज्या बायकांसाठी हे सगळं केलं त्या हसतात की रडतात, तेही कळेना. नाटक संपलं, पडदा पडला, टाळ्या झाल्या. नंतर चर्चा करायची असं आम्ही ठरवलं होतं. पण रात्रीच्या नाटकाचा ट्रक मागच्या दाराला लागलेला होता. "बाई, आवरा," असं तीनदा सांगून झालं. आम्ही आवरलं.

पंधरा दिवसांनी तेच नाटक एका वस्तीतल्या बालवाडीत केलं. सतरंज्या टाकल्या. बायका चारी बाजूंनी बसल्या, मुलं मांडीवर. दिवा एकच, तोही सगळ्यांवर सारखाच पडलेला. नाटकात एक प्रसंग होता. आई माहेरी आलेल्या मुलीला समजावून परत सासरी धाडते. मी आई झाले होते. माझं वाक्य अर्ध्यावर असताना समोरची एक बाई उठली आणि म्हणाली, "असं नाही झालं." आम्हाला वाटलं, भांडायला उठली. ती आत आली, मला बाजूला केलं आणि माझ्या जागी उभी राहिली. मुलीला एक शब्दही न समजावता तिनं तिची पिशवी भरून दिली आणि पाठ फिरवली. म्हणाली, "मी हे केलं होतं. समजावलंसुद्धा नव्हतं." खोलीत कुणी हललं नाही. मग एकेक बाई बोलायला लागली, ते रात्री अकरापर्यंत चाललं. त्यातल्या दोघी पुढे आमच्या गटात आल्या.

नाटक तेच, आम्ही त्याच. बदलली होती फक्त खोली.

घर आधी बांधून झालं होतं

आज आपल्याला नाट्यगृह म्हटलं की एकच चित्र आठवतं. एका टोकाला चौकट, तिला पडदा, समोर जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. हे रूप काही अनादी काळापासूनचं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा अशी पक्की नाट्यगृहं आपल्याकडे नव्हती. चित्राच्या फ्रेमसारखी ही चौकट इंग्रजी आणि पारशी रंगभूमीच्या वाटेनं आली आणि मग तीच रीत होऊन बसली.

ही रीत रुळली तेव्हा आपण कुठे होतो? रंगमंचावर बायकांच्या भूमिका पुरुष करत. बालगंधर्वांनी पातळ कसं नेसावं हे घराघरातल्या बायकांना शिकवलं, पण त्या बायकांना स्वतः तिथे उभं राहण्याची मुभा नव्हती. प्रेक्षागृहातही बायकांची बसायची जागा वेगळी असे. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढली आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. तोवर घर बांधून झालं होतं. कोण उजेडात, कोण काळोखात, कोण पुढे आणि कोण मागे, हे सगळं आधीच ठरलेलं होतं.

आपल्या बायकांचे खेळ बघा. भोंडल्यात मधे पाटावर हत्ती आणि भोवती फेर. मंगळागौरीला ओटी, माजघर, अंगण, मिळेल ती जागा. खेळणारी वेगळी आणि बघणारी वेगळी असं फारसं नसतंच. पण याचं उगाच कौतुक करून थांबू नका. मंगळागौरीच्या त्याच घरातली विधवा बाई त्या खेळात नसे. गोल केला म्हणजे समता आली असं नाही. गोलात कोणाला घ्यायचं, हे कोण ठरवतं, ते बघावं लागतं. माझ्या पुढच्या सगळ्या बोलण्यात हा मुद्दा धरून ठेवा.

इतरांनी काय केलं

चौकटीबाहेर पडायची धडपड पुष्कळांनी केली आहे. बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात कलकत्त्यात चौकटीचा रंगमंच सोडला आणि साध्या खोलीत, मैदानात नाटकं केली. त्या प्रकाराला त्यांनी 'अंगनमंच' म्हटलं. अंगण हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे.

मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल 'आविष्कार' संस्थेनं १९७४ पासून नाटकांसाठी घेतला. सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. शाळेचा साधा हॉल, परवडणारं भाडं आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या. या तीन गोष्टींवर मराठी प्रायोगिक नाटकाची एक अख्खी चळवळ उभी राहिली आणि तिला त्या शाळेचंच नाव पडलं. जुहूला जेनिफर आणि शशी कपूर यांनी १९७८ साली पृथ्वी थिएटर सुरू केलं. तिथे प्रेक्षक तीन बाजूंना बसतात आणि नटाचा चेहरा सगळ्यांना दिसतो.

पण ही झाली शाळेतली किंवा नव्यानं बांधलेली जागा. जुनं, चौकटीचं नाट्यगृहच बदलायचं तर काय करता येतं? याचं उदाहरण पॅरिसमध्ये आहे. 'बूफ द्यु नॉर' हे १८७६ साली बांधलेलं नाट्यगृह १९५२ पासून बंद पडलेलं होतं. पीटर ब्रूक आणि मिशेलिन रोझां या दोघांनी १९७४ साली ते पुन्हा उघडलं. मिशेलिनबाईंचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते. त्यांनी ते नव्यासारखं चकचकीत केलं नाही. भिंतींवरचे डाग, पोपडे तसेच ठेवले. बाल्कन्या ठेवल्या. बदललं ते एवढंच, की खेळ चौकटीतून पुढे आणला. खालच्या खुर्च्यांच्या जागी सपाट जमीन केली आणि प्रेक्षकांना तिच्या भोवती अर्धगोलात बसवलं. ब्रूकच्या 'महाभारता'चे प्रयोग या जागेतही झाले. त्यात मल्लिका साराभाई द्रौपदी होत्या.

आणि आपलं घरचं उदाहरण विसरू नका. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं आणि त्याचे हजारांनी प्रयोग झाले. ते नाट्यगृहाची वाट बघत बसलं असतं तर गावोगाव पोचलंच नसतं.

'बहुउद्देशीय' म्हणजे कुणाचे उद्देश?

आता आमच्या गावाकडे येते. नगरपालिकेच्या आराखड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बहुउद्देशीय सांस्कृतिक संकुल'. आम्ही खूश झालो. मग आत बघितलं. मागे झुकणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या, सगळ्या जमिनीला ठोकलेल्या. वातानुकूलन. दर्शनी भागात संगमरवर. समोरच्या लॉनवर लग्नाचे मांडव, तळघरात कपड्यांचे सेल. म्हणजे उद्देश पुष्कळ, पण नाटकाची खोली होती तशीच. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. उद्देश नाटक, सभा, शिबिर एवढेच असू देत, पण त्या त्या कामाप्रमाणे खोलीनं आकार बदलावा.

आमच्याबरोबर एक तरुण वास्तुविशारद मुलगी आली. तिनं आम्हाला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तुम्हाला अभियंत्यांपुढे उपयोगी पडेल.

पहिली अडचण उताराची. प्रेक्षागृहाची जमीन रंगमंचाकडे उतरत येते. ती फोडायलाच पाहिजे असं नाही. पुढच्या भागात लोखंडी सांगाडा टाकून वर लाकडी फळ्यांची सपाट जमीन करता येते, थेट रंगमंचाच्या उंचीला भिडेपर्यंत. खाली जी पोकळी राहते तिथे खुर्च्या ठेवता येतात.

दुसरी गोष्ट खुर्च्यांची. सगळ्या हलत्या नकोत, पुढच्या काही रांगा तरी हलत्या असाव्यात. मात्र मांडताना एका रांगेतल्या खुर्च्या एकमेकींना अडकवता आल्या पाहिजेत. आग लागली, धावपळ झाली आणि सुट्या खुर्च्या पायात आल्या तर माणसं मरतात. दाराकडे जायच्या वाटा कोणत्याही मांडणीत मोकळ्याच राहिल्या पाहिजेत.

तिसरी दिव्यांची. दिवे फक्त रंगमंचावर टांगले तर खेळ तिथेच अडकतो. पाइपांची जाळी अख्ख्या खोलीवर हवी आणि विजेचे पॉइंट चारी भिंतींना हवेत.

चौथी आवाजाची. सपाट, मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. भिंतींना जाड पडदे लावले, गरजेप्रमाणे ओढता येतील असे, तर पुष्कळ फरक पडतो. संगीत नाटकाला, गाण्याला आवाज थोडा खुला लागतो. गप्पांना, चर्चेला तो आवरलेला लागतो.

यातली कुठलीही गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही. लेव्हल्स तर गावातला सुतारही करून देतो.

"आम्ही आत्ता कुठे वर चढलो"

मागण्यांचं पत्र लिहायला आम्ही बसलो, तेव्हा आमच्यातच भांडण झालं. तेही सांगायला हवं.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्या तमाशाच्या फडात पंचवीस वर्षं नाचल्या आहेत. मी मोठ्या उत्साहात म्हणाले, "चौकट मोडायची, रंगमंच खाली आणायचा, सगळ्या एका पातळीवर." मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्हाला खाली बसायची हौस आहे, कारण तुम्हाला कुणी खाली बसवलेलं नाही. कनातीत आम्ही नाचायचो, तर पुढचा माणूस हात लांब करून पायाला धरायचा. मला उंची पाहिजे. आमच्या पोरींना वर उभं राहू द्या, दिव्यात. मग खाली उतरायचं का, ते आमचं आम्ही ठरवू."

मला उत्तर सुचलं नाही. मला जो रंगमंच भिंतीसारखा वाटत होता, त्यानं त्यांच्या अंगाचं रक्षण केलं असतं. बाईला जवळून बघू देणं म्हणजे नेहमीच जवळीक नसते. कोण बघतंय आणि तिची त्याला संमती आहे का, यावर ते असतं.

त्या दिवशी आमचं पत्र बदललं. 'रंगमंच खाली आणा' हे वाक्य आम्ही काढलं. त्याऐवजी लिहिलं, 'रंगमंचाची उंची आणि प्रेक्षकांची जागा प्रयोग करणाऱ्यांना ठरवता यावी.' तेव्हा कुठे आम्हाला आमची मागणी नीट कळली.

याच न्यायानं हेही सांगते, की दिसेल ते जुनं नाट्यगृह मोडा असं माझं म्हणणं नाही. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं तेव्हा किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वास्तूंचा मान वेगळा. पण जिथे नूतनीकरण होणारच आहे, पैसा मंजूर झालेलाच आहे, तिथे आपण गप्प का बसायचं?

खोलीबरोबर नियमही

खुर्च्या हलल्या तरी नियम हलले नाहीत तर फायदा नाही. नाट्यगृहं सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी भाड्यानं मिळतात. सत्र संपलं की बाहेर. आपल्या कामात नाटकानंतरचा तास हा नाटकाइतकाच महत्त्वाचा असतो. तो तास सत्रात धरून मिळावा. तालमीला दुपारची वेळ कमी भाड्यात मिळावी, कारण बायकांना सवड तेव्हाच असते. शनिवार-रविवारची रात्र व्यावसायिक नाटकांना द्या, त्यांचंही पोट आहे. आठवड्यातल्या दोन दुपारी आम्हाला द्या.

मुताऱ्या मोजा. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' म्हणून हाच लढा दिला. रंगपटातही बायकांना वेगळी खोली, आतून कडी, पाणी आणि दिवा हवा. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी काचेची खोली असते आणि तिथे आयांनाच बसवतात. आम्ही त्याऐवजी पाळणाघराची खोली मागितली, जिथे बापानंही बसावं.

चाकाच्या खुर्चीवरची बाई प्रेक्षागृहात तर पोचलीच पाहिजे, पण रंगमंचावरसुद्धा पोचली पाहिजे. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या करायला सांगतो. त्याचा आधार घ्या. आराखडा दाखवत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या नगरसेविकेला भेटा, पण तिच्या नवऱ्याला नको. तिलाच घेऊन नाट्यगृहात जा आणि शेवटच्या रांगेत बसवा.

आमच्याकडे काय झालं? पुढच्या पाच रांगा हलत्या करायचं मान्य झालं. मुताऱ्या वाढल्या, कड्यांसकट. दिव्यांची जाळी निम्म्या खोलीपर्यंतच मंजूर झाली. पाळणाघराची खोली 'विचाराधीन' आहे. चर्चेचा तास त्यांनी नाकारला. "नाटक झाल्यावर काय बोलायचं असतं?" असं एका अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांना आम्ही बालवाडीतली ती रात्र सांगितली. ते काही बोलले नाहीत. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. घरी गेल्यावर गटातल्या दोघी-तिघी मिळून आपापल्या गावातल्या नाट्यगृहात जा. बरोबर मोजायची टेप न्या. रंगमंच किती उंच आहे, किती पायऱ्या आहेत, बायकांच्या मुताऱ्या किती, दुपारचं भाडं किती, शेवटची एसटी कितीला, एवढं लिहून काढा. मागच्या रांगेत बसून समोरची बाई दिसते का, ऐकू येते का, ते बघा. आणि तुमच्या गटात जी कधी रंगमंचावर उभी राहिलेली आहे, फडात असो की शाळेच्या गॅदरिंगमध्ये, तिला आधी विचारा, तुला काय हवंय? आम्ही ते उशिरा विचारलं.

हे सगळं कागदावर घेऊन पुढच्या बैठकीला या. मग आपण मिळून पत्र लिहू.